खऱ्या दगडावर दगडाचं चित्र

हे आत्ताच लिहून टाकायलेय. रूमवर जाऊन लिहू म्हणलं तर डोकं थंड होईल अन् मग मी काहीतरी गोडगोड लिहीन, ते मला नकोय. सोनपेठहून परभणीला जायलेय, यष्टीची काच खडखड वाजायलीय, अंगठा भलत्याच अक्षरावर पडायलाय, समजून घ्या.

झालं आसं की मघाशी बस आमच्या शेताजवळून गेली. रस्त्याच्या कडंला जिथं आमचा आखाडा होता तिथं आता चुलतभावाच्या लॉन्सची कमान उभी राहिलीय. फायबरचे खांब आणलेत, काळ्या दगडासारखे दिसणारे. त्यावर सागवानासारखा दिसणारा प्लास्टिकचा दरवाजा, त्याला पितळी रंगाची फुलं. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती तिच्या नवऱ्याला म्हणली, "आवं बगा की, किती जुन्या टायपाचं केलंय. आपल्या पोरीचं हितंच करू."

मला त्या बाईला सगळं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती पुढच्या फाट्याला उतरून गेली. म्हणून तुमाला सांगायलेय.

आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर. कुस्तीचा न्हाई. परभणीकडं कुणालाही विचारा, ज्याची जमीन गावापासून लांब त्याचा आखाडा शेतात आसतो. बहुतेकांचा पत्र्याचा, न्हाईतर कुडाचा. आमचा मात्र पाच खणाचा पक्का होता. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, दगडाच्याच भिंती छातीपर्यंत, त्याच्या वर पांढऱ्या मातीच्या. माळद होतं वर, म्हंजे सागवानी तुळया, त्यावर लाकडाच्या पातळ चिपा, त्यावर पाला अन् त्यावर हातभर पांढरी माती. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या जाडीत मी पाय लांब करून बसायचे अन् तिथंच बारावीचा अभ्यास केला. बाहेर एप्रिलचं ऊन डोकं फोडायचं अन् त्या खिडकीत मला ओढणी गुंडाळून बसावं लागायचं. खोटं वाटतंय ना? माझ्या मैत्रिणींनाबी वाटायचं. एकदा येऊन झोपल्या तिथं दुपारभर, मग कुणी बोलली न्हाई.

अन् बळद. ओसरीच्या भिंतीतच धान्याची कोठी होती. वरून जवारी वतायची, खाली एक हात जाईल येवढं भोक, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की जवारी सर्रर्र करून सुपात यायची. लहानपणी माझं ते कामच होतं. आवाजावरून कळायचं आत किती उरलीय.

कधीचा होता आखाडा? कुणालाच धड मालूम न्हाई. निजामाच्या राज्यातला येवढं नक्की. दाराच्या वरच्या दगडावर दोन ओळी कोरलेल्या होत्या उर्दूत. पाथरीचे एक म्हातारे उर्दूचे मास्तर एकदा बाबांनी आणले होते. त्यांनी चश्मा पुसून पुसून वाचलं. म्हणले, शेतातली पाण्याची हीर अन् घर एकाच सालात बांधलंय, बांधून घेणाऱ्याचं नाव हाय, दगड घडवणाऱ्याचंबी हाय, साल मात्र झिजलं. घडवणाऱ्याचं नाव दगडावर! बाबांना ते येवढं आवडलं की कुणीबी आलं की ते आधी दारात उभं करून वर बोट दाखवायचे. पाहुणा बिचारा उन्हात उभा, अन् बाबा वाचून दाखवायलेत, जशी काय त्यांना उर्दू येते.

आता भानगड काय ती सांगते. आजोबा गेल्यावर वाटणी झाली. बाबांचे मोठे भाऊ, त्यांना आमी नाना म्हणतो. नानाच्या वाट्याला गावातलं मोठं घर अन् रस्त्याकडची जमीन, म्हणजे आखाडाबी त्यांच्याच वाट्यात. बाबांना वढ्याकडची जमीन अन् गावातल्या दोन खोल्या. पण बाबा, आई, मी पहिल्यापासून आखाड्यातच राहत होतो, जनावरं तिथंच होती, तर नाना म्हणले राहा. राहिलो. पुढं हिरीच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं. कुणाची मोटार कोणत्या दिवशी चालू करायची, बस्स येवढंच. त्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. एकाच हिरीचं पाणी, एकच बांध, अन् नाना बांधावरून जाताना मान तिकडं करून जायचे. सणाला मोठीमाय, म्हंजे नानाची बायको, ताट झाकून पाठवायची, आई रिकामं ताट परत पाठवायची न्हाई, त्यात काहीतरी घालायचीच. बायकांचं चालू होतं. भावांचं बंद.

मग रस्ता मोठा झाला. अन् रस्ता मोठा झाला की आमच्याकडं लोकांना दोनच गोष्टी सुचतात, ढाबा न्हाईतर लॉन्स. चुलतभावाला, म्हंजे नानाच्या पोराला, लॉन्स सुचलं. आखाडा पाडून तिथं स्टेज, पुढं पार्किंग. दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा म्हणून निरोप आला. नाना स्वतः आले न्हाईत, गड्याकडून निरोप.

बाबा त्या दिवशी जेवले न्हाईत. जागा त्यांची न्हाईच, तर भांडणार कशावर? नुसते ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मला लय राग आला, नानाचा बी अन् बाबांचा बी.

मी काय केलं, तर फोटो टाकले. बळदाचे, खिडकीचे, माळदाचे, दारावरच्या अक्षरांचे. आसेच टाकले, रागात. त्यावर शहरातल्या एका सरांचा मेसेज आला. ते अन् एक मॅडम जुन्या घरांच्या नोंदी करायलेत, मंदिरं अन् किल्ले सगळेच बघतात पण शेतकऱ्यांच्या घरांकडं कुणी बघत न्हाई, आसं त्यांचं म्हणणं. चारठाण्याची देवळं बघायला येणारच होते, तिथून तुमच्याकडं येतो म्हणले. घर जर मूळ स्थितीत आसंल तर त्याची नोंद होईल, पुस्तकात येईल, पुढं मुलं शिकायला येतील, राहायलाबी लोक येतील. अन् शेवटी लिहिलं होतं, कृपया आमच्यासाठी काही करू नका, घर जसं आहे तसंच असू द्या.

मी तो मेसेज घेऊन सरळ नानाकडं गेले. बाबांना न विचारता. नाना अंगणात खुर्चीवर बसलेले. मी भराभरा सगळं सांगितलं. नानांनी फोन हातात घेतला, लांब धरला, सरांचा फोटो मोठा करून बघितला.

"शहरातली माणसं? आपल्या आखाड्यासाठी? आपण होऊन?"

हाव म्हणलं.

नानांनी फोन मला परत दिला. मला वाटलं आता हाकलतात. तर म्हणले, "हे बग बाई, त्यांनी जर लिहून दिलं की ही वास्तू जपण्यासारखी हाय, तर मी लॉन्स मागं सरकवतो. आखाडा राहू दे. तुझा बाप बी राहू दे. शब्द हाय माझा."

चुलतभाऊ आतून काहीतरी पुटपुटला. नाना त्याच्याकडं बघून म्हणले, तुझं लगीन आजून झालं न्हाई, आधी नवरी बग मग लॉन्स बग. मोठीमाय पदरात तोंड घालून हसली. मी उड्या मारत घरी आले. खरंच उड्या मारत, बांधावरून.

म्हणजे सगळं त्या दोन पाहुण्यांच्या एका कागदावर आलं होतं. कागद झाला तर बाबा आखाड्यात. न झाला तर गावातल्या दोन खोल्यांत, नालीच्या वासात. येवढं साधं होतं.

मी नानांना निघताना दोनदा सांगितलं होतं बरं का. काही करू नका, ते तसं म्हणलेत. नानांनी मान हलवली. हाव हाव, म्हणले.

आता तुमीच सांगा, आमच्याकडं पाहुणा कधी "काही करू नका" म्हणल्याशिवाय येतो का? सगळेच म्हणतात. फोनवर म्हणतात, दारात म्हणतात, पाटावर बसताना म्हणतात. अन् ते ऐकून कुणी खरंच काही केलं न्हाई तर त्या घराचं नाव पुढं दहा गावात निघतं. नानांनी ते वाक्य तसंच ऐकलं, जसं ते जन्मभर ऐकत आलेत. मला तवा हे सुचलंच न्हाई. मला वाटलं मी मराठीत बोललेय अन् त्यांना कळलंय.

माझी परीक्षा होती, मी परभणीला गेले. रोज फोन करायचे. तर बाबांचा आवाज येगळाच. खुश. इतका खुश आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नाना आलेत. चहा चालू हाय. तुला नंतर लावतो."

मी म्हणलं नाना? आपल्या आखाड्यात? आई मागून म्हणली, आगं रोजच यायलेत, सकाळीच येतात, जेवायलाबी हितंच. कालच्याला दोघं भाऊ एका ताटात जेवले. मला हॉस्टेलच्या जिन्यात रडू आलं. इतक्या वर्षांनी! मी मैत्रिणींना बी सांगितलं, बगा, एक सर येणार म्हणून नुसतं कळलं तर घर जोडलं आमचं.

एकदा फोनमधून घर्रर्र आवाज यायला लागला. काय चाललंय म्हणलं तर बाबा म्हणले साफसफाई. मी म्हणलं, बाबा, काही बदलू नका हां, न्हाईतर ते घेणार न्हाईत. ते म्हणले न्हाई न्हाई. दुसऱ्या वेळी परत विचारलं तर म्हणले, नाना करायलेत थोडंफार, तू पेपराकडं ध्यान दे.

थोडंफार!

पाहुणे चारठाण्याहून निघून परभणीत आले अन् मला त्यांच्या गाडीत घेतलं. माझी परीक्षा संपलेली, मी पुढच्या सीटवर, अन् वाटभर माझी टकळी चालू. बळद कसं हाय, सर्रर्र आवाज कसा येतो, खिडकीत गार कसं लागतं, माळदाला उजेडासाठी ठेवलेलं साणं, त्यातून उन्हाचा गोल खाली पडतो अन् दिवसभर ओसरीवर सरकत जातो, आई त्या गोलावरून भाकरी थापायची वेळ ठरवते. मॅडम वहीत लिहून घ्यायलेल्या. सर म्हणले, अशी शेतातली घरं मराठवाड्यात बोटावर मोजण्याइतकी राहिली असतील. मला आसं वाटायलं होतं की माझंच कौतुक चाललंय.

गाडी वळली. अन् समोर मोठ्ठा फ्लेक्स. सहर्ष स्वागत. खाली नानांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या शेजारी बाबांचा, लहान. दोघा भावांचा एका फ्लेक्सवर फोटो मी पहिल्यांदा बघितला.

अन् फ्लेक्सच्या मागं एक घर होतं.

मी ओळखलंच न्हाई हो. खरंच न्हाई. चॉकलेटी रंगाचं, चकचकीत. मला वाटलं लॉन्सचं ऑफिस झालं का काय आधीच. मग कळलं की सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केलाय. दगडाला बी. अन् त्या गिलाव्यावर चॉकलेटी ऑईलपेंट, अन् त्यावर पांढऱ्या रेघांनी दगड काढलेत. चित्र! खऱ्या दगडावर गिलावा अन् गिलाव्यावर दगडाचं चित्र. रेघा एकदम सरळ, पट्टी लावून मारलेल्या.

नाना पांढरेफेक कपडे घालून दारात उभे. फेटा. मोठीमाय अन् आई नव्या साड्यांत, हातात आरतीचं ताट. बाबा मागं, त्यांच्या अंगात नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. ते माझ्याकडं बघत नव्हते.

मी सरांकडं बघितलं. ते हसले. शहरातली माणसं हसतात तसं, नुसते ओठ.

खाली उतरायच्या आत टॉवेल-टोपी, शाल, नारळ. गावातली माणसं सतरंजीवर बसलेली, नानांनी सगळ्यांना बोलावलेलं. सत्कार झाल्यावर नाना पाहुण्यांना घर दाखवायला निघाले. मी मागं मागं.

नाना दारात थांबले, बाबांसारखंच वर बोट केलं. ती दोन ओळींची अक्षरं आता सोनेरी होती. पेंटरनं त्यात रंग भरला होता. त्याला उर्दू कुठून येणार, तर त्यानं झिजलेल्या जागा आपल्या मनानं जोडल्या होत्या, जिथं ठिपके होते तिथं पाकळ्या काढल्या होत्या, अन् दोन्ही बाजूला एकेक मोर. मॅडमनी कॅमेरा वर केला अन् तसाच खाली घेतला.

आत टाईल्स. पांढऱ्या, त्यावर गुलाबाची फुलं. साणं बंद करून तिथं गोल ट्यूबलाईट. बळदाचं भोक बुजवून वर आरसा लावलेला. नाना म्हणले, उंदराचं भोक होतं, पाहुण्यांसमोर बरं दिसत न्हाई.

मॅडमनी भिंतीवर हात ठेवला अन् हळूच विचारलं, "आत दगड आहे का?"

"दगड तर हायच की. पण मॅडम, लय खडबडीत होता. काळाकुट्ट. म्हणून गिलावा केला अन् वरून डिझाईन घेतली दगडाची." नानांचा चेहरा आसा फुललेला. "पेंटर गंगाखेडहून आणला. साधासुधा न्हाई."

जेवणात पनीर होतं. मोठीमायनं बाजारातून आणून, युट्यूबवर बघून केलं होतं, शहरातली माणसं भाकरी खात न्हाईत म्हणून. सरांनी भाकरी मागितली. नाना हसून म्हणले, आवं सर, भाकरी काय, ती रोजचीच हाय, तुमी लाजू नका, पनीर घ्या.

अन् त्यांनी सगळं छान म्हणलं. हेच माझ्या डोक्यात आजून बसलंय. छान आहे, छान केलंय, खूप कष्ट घेतलेत तुम्ही. पनीरला छान, टाईल्सला छान, मोराला छान. नाना दर "छान"ला सतरंजीवरच्या माणसांकडं बघायचे. जाताना सरांची नजर गोठ्यात टेकवून ठेवलेल्या जुन्या दरवाज्याकडं गेली. नानांनी लोखंडी दार बसवलं होतं म्हणून तो काढलेला. सर त्याच्यापाशी वाकून लय वेळ बसले, बोटं फिरवली, फोटो काढले. नाना लगेच म्हणले, आवडला का? घेऊन जा. सर न्हाई म्हणले, नानांनी ऐकलं न्हाई. पाहुण्यानं न्हाई म्हणलं म्हणून कुणी ऐकतं का? दरवाजा दोरीनं बांधून गाडीच्या टपावर चढला.

गाडी गेल्यावर मी आईवर ओरडले. तू तरी थांबवायचं ना! आई टाईल्सवर बसून भांडी गोळा करत होती. तिनं मान वर केली न्हाई.

"माझं सगळं आयुष्य ही ओसरी सारवण्यात गेलं. उन्हाळ्यात माळदावर माती चढवायची कुणी? तू न्हाई चढवली. तुला ते फोटोत बरं दिसतंय. पहिल्यांदा माझ्या घरात फरशी आलीय, ती बी तुला बघवंना का?"

मी रागात होते म्हणून तवा दार आपटून बाहेर गेले. लोखंडी दार, लय मोठा आवाज झाला.

मेसेज दोन दिवसांनी आला. लांबलचक, सभ्य. पाहुणचाराबद्दल मनापासून आभार. परंतु वास्तूचं मूळ स्वरूप उरलेलं नसल्यामुळे नोंद करता येणार नाही. चार महिन्यांपूर्वीच्या तुझ्या फोटोतलं घर नक्कीच नोंदीत बसलं असतं. खेद वाटतो.

म्हणजे बसत होतं. आमचं घर बसत होतं, अन् पाहुणे येणार म्हणूनच ते बसायचं राहिलं.

नानांना सांगायचं कुणी? मीच गेले. बाबा बी आले माझ्या मागं, मी नको म्हणलं तरी. नाना गड्यांना सांगत होते की पुस्तक आल्यावर एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची. मी मेसेज वाचून दाखवला. मधले शब्द गाळले, तरी कळायचं ते कळलंच.

नाना म्हणले, "छान म्हणले की ते."

मी फोन खाली घेतला.

"माझ्यासमोर म्हणले. सगळ्या गावासमोर म्हणले." मग त्यांचा आवाज चढला. "म्हंजे घाण होती तवा भारी होतं, अन् सफा केलं तर भंगार? आसं कुठं आसतंय का? मला पोरगी दाखवायला सांगितली अन् मी तिला न्हाऊ-माखू घालून बसवली, यात माझं काय चुकलं?"

मी म्हणलं, नाना, मी सांगितलं होतं काही करू नका म्हणून.

"ते सगळेच म्हणतात!"

अन् मग ते बाबांकडं वळले. ते बघणं मला आवडलं न्हाई. "तुला मालूम होतं का रे? की काही बदललं तर ते घेणार न्हाईत म्हणून?"

बाबा खाली बघत होते. म्हणले, "पोरगी म्हणायली होती फोनवर."

"मग तू गप कामून बसला? मला गावात उघडं पाडायचं होतं का तुला? हिरीचा राग काढला?"

बाबा काहीच बोलले न्हाईत. एक शब्द बोलायचा होता हो. न्हाई नाना, आसं न्हाई. येवढं म्हणायचं होतं. ते उठले अन् चपला घालून बाहेर गेले. नानांना ते कबुलीसारखंच वाटलं.

जेसीबी त्याच आठवड्यात आला. चुलतभाऊ हसत नव्हता, खोटं कशाला बोलू. नाना घरातून बाहेर पडले न्हाईत. माळद खाली आलं तवा पांढऱ्या मातीचा लोट येवढा उठला की रस्त्यावरच्या गाड्यांनी लाईटी लावल्या. भिंत पडताना गिलावा आधी सुटला, मोठमोठे तुकडे, त्याच्यावरच्या पांढऱ्या रेघांसकट, अन् घडीभर आतला काळा दगड दिसला. ओला असल्यासारखा. मग तोबी गेला. सिमेंट चिकटलेले दगड कुणी घेईना, म्हणून पार्किंगच्या भरावात घातले. ती अक्षरं कोणत्या गाडीखाली गेली मला मालूम न्हाई. आईनं फरशीच्या चार टाईल्स उचलून आणल्या गावातल्या खोलीत. चुलीपाशी लावल्यात.

आता मला राग कुणाचा करावा ते कळत न्हाई, म्हणून सगळ्यांचाच करते. त्या सरांचा, ज्यांना खरं बोलायला दोन दिवस अन् साठ मैलांचं अंतर लागलं. तिथंच म्हणले आसते, नाना, चुकलं तुमचं, तर नाना चिडले आसते, पण गावासमोर "छान" ऐकून मग तोंडावर पडले नसते. हेरिटेज या शब्दाचा राग येतो. तो शब्द आमच्या घरात आला तवापासून घर आमचं राह्यलंच न्हाई, परीक्षेला बसलेलं पोरगं झालं. आधी ते नुसतं गार होतं, त्यात जवारी होती, बस्स. अन् नानांचा राग येतो, पण त्यांच्या फ्लेक्सवरचा बाबांचा लहान फोटो आठवला की तो राग पुरा होत न्हाई.

सगळ्यात जास्त बाबांचा. मी हे त्यांना तोंडावर विचारलं, परवाच. गावातल्या खोलीत, नालीवर टाकलेल्या फरशीवर ते बसले होते. मी म्हणलं, तुमाला सगळं मालूम होतं. मी तुमाला फोनवर दोनदा सांगितलं. पहिल्या दिवशी सिमेंटची पहिली पाटी आली तवाच म्हणायचं होतं, नाना थांबा. तुमचं घर होतं, तुमी ते डोळ्यांसमोर पुसू दिलं. कामून?

बाबा म्हणले, "किती वर्सांनी तो माझ्या दारात आला होता. सकाळी यायचा, 'उठला का रे' म्हणायचा. लहानपणी म्हणायचा तसं. पाटी उचलताना म्हणायचा, तुझी कंबर दुखती, तू सर." मग म्हणले, "थांब म्हणलं आसतं तर गेला आसता."

मी म्हणलं, आता तर गेलाच की. घर बी गेलं, भाऊ बी गेला.

"हाव," म्हणले. "पण ते दिवस झाले."

मला याचा येवढा राग आला की मी काल न सांगता बॅग भरली अन् आज सकाळच्या बसनं निघाले. ते स्टँडवर सोडायला आले होते. मी खिडकीतून हात बी केला न्हाई. आता केला आसता, पण आता बस मानवत सोडून पुढं आलीय. अन् त्यांनी जे केलं ते बरोबर न्हाई, हे मी आजूनबी म्हणते. एका माणसाला उठला का रे म्हणायला लावायला येवढं मोठं घर देतात का कुणी?

तुमी सांगा. खरंच सांगा, खाली लिहा. तुमच्या घरात आसं झालंय का? कुणी पाहुणा काही करू नका म्हणून आला अन् त्याच्यासाठी तुमच्या माणसांनी जे बघायला तो येणार होता तेच झाकून टाकलं? अन् घरातलं एक माणूस सगळं मालूम असून गप बसलं, नुसतं दुसरं माणूस जवळ बसलंय म्हणून? झालं असंल तर तुमी त्याला काय म्हणलात? माफ केलं का?